नमुना उत्तर

स्वामी ज्या वेळेला येणार होते त्याच वेळेला सिंधूचा पाठ होता, हे घरात सगळ्यांना आठवडाभर ठाऊक होतं. तरी त्या सकाळी प्रत्येकाने ते नव्याने ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

“म्हंजे तू पूजेला बसनार न्हाईस,” नीलम्मा म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून बेलाची पानं निवडत होती. फाटकं पान दिसलं की लेकीकडे न बघता बाजूला टाकत होती.

“बसणार आहे, अव्वा. पाठ चाळीस मिनिटांचा आहे. स्वामी आले की पाय धुणं, बसणं, चहा. तोवर मी खाली येते.”

“स्वामी चहा घेत न्हाईत.”

“मग दूध.”

“बापाचं पयलं वरीस, आन् लेक वर बसून चित्रं काढनार.”

“काढणार नाही. शिकवणार.”

“त्येच की.”

सिंधूने पुढे बोलायचं सोडलं. हा फरक ती दोन वर्षं सांगत आली होती. सासरी, शाळेत, नांदेडहून लातूरला येताना बसमध्ये शेजारी बसणाऱ्या बायकांना. नांदेडच्या एका खासगी शाळेत ती चित्रकला शिकवायची, करारावर. जोडीला कलाशिक्षणातलं एम.ए. करत होती, तेही ऑनलाइन. आपलं विद्यापीठ तिने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात शेवटचा पाठ द्यायचा होता आणि त्याच आठवड्यात अप्पा गेले. विद्यापीठाने नियमाप्रमाणे आणखी एक संधी दिली. एकच. तारीख आली ती नेमकी पुण्यस्मरणाची. बदलून द्या म्हणून तिने दोनदा मेल केला आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, की वेळापत्रक अंतिम आहे. हा पाठ झाला नाही तर पदवी नाही, आणि पदवी नसेल तर जूनपासून तिच्या जागी दुसरं कोणी. मुख्याध्यापकांनी हे तिला कुणाच्या तरी लग्नाचा पेढा देता देता सांगितलं होतं.

पाठ लातूरला घ्यायचं कारण साधं होतं. सुट्टीत तिची शाळेतली मुलं पांगलेली, कुणी हदगावला, कुणी कंधारला आजोळी. भर मे महिन्यात एका जागी सापडतील अशी मुलं फक्त लातुरात होती, क्लासेसमध्ये. आणि क्लास तिच्या भावाचाच होता, याच घराच्या वरच्या मजल्यावर.

“दादा देतोय ना मुलं,” ती म्हणाली. “तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“तू पोरं मागितलीस, त्यानं दिली,” नीलम्मा म्हणाली. “मी पूजेला मानूस मागितलं, ते कुनी दिना.”

बाहेरच्या खोलीत पंख्याखाली शेषेराव काका बसले होते. अप्पांचे चुलतभाऊ. देवणीहून पहिल्या बसने आले होते आणि आल्यापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती.

“घरबसल्या डिग्री हाय म्हनं.”

“हो काका.”

“मास्तर येत न्हाई?”

“पडद्यावर येतात.”

“आन् परीक्षा?”

“तीही घरूनच.”

“मंग नापास कोन करायलंय?”

“करतात, काका.”

काकांना ते पटलं नाही. “आमच्या गुरुलिंगानं, तुज्या बापानं, जल्मभर चित्रकला शिकवली. त्यानं कवा केलं एम.ए.? त्याची पोरं एलिमेंटरी, इंटरमिजिएट पास व्हायची, धाव्वीला मार्क वाढायचे. झालं की.”

“तेव्हा लागत नव्हतं. आता लागतं.”

“आता समद्यालाच समदं लागतंय,” काका म्हणाले. “त्यो पंखा जरा वाढव.”

पंखा शेवटच्या आकड्यावरच होता. सिंधूने बटण एकदा मागे नेलं आणि पुन्हा पुढे आणलं. काकांनी बरं वाटल्यासारखी मान हलवली.

जिन्यावरून आरती वैनी खाली आली. विरूपाक्षची बायको, क्लासचं ऑफिस आणि मुलींचं हॉस्टेल तीच सांभाळायची, त्यामुळे कमरेला किल्ल्यांचा जुडगा कायम. या घरात ‘त्या डिग्रीचा उपयोग काय’ असं न विचारलेली ती एकटी होती.

“ताई, वर सगळं लावलंय. लॅपटॉपखाली पुस्तकं घातलीत, उंची बरोबर येते. दोन मोबाइलचं नेट ठेवलंय. इन्व्हर्टर बघितला.”

“आणि मुलं?”

“मुलं एकदम तयार.”

“तयार म्हणजे?”

आरतीने किल्ल्या उगाच चाळवल्या. “म्हणजे आंघोळी-बिंघोळी करून,” ती म्हणाली आणि हुग्गीचं पातेलं करपतंय का बघायला आत गेली. हुग्गीच्या गव्हाचा आणि गुळाचा वास घरभर पसरला होता. अप्पांना ती अजिबात आवडायची नाही, पण त्यांच्या नावाने दुसरं काही करणं कुणाला सुचलं नव्हतं.

विरूपाक्ष जिन्याच्या तोंडाशी उभा राहून मुलांना रांगेने वर सोडत होता. फाउंडेशन बॅच, आठवी-नववीची. मुलांच्या हातात पॅड, पॅडला टोक केलेल्या दोन-दोन पेन्सिली लावलेल्या. त्याला आज बरं वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच.

दहा-बारा दिवसांपूर्वी सिंधूने पाठाचा आराखडा पाठवला होता. मुलं किती, बसायची सोय कशी, एवढंच त्याने विचारलं होतं. तिने सगळाच पाठवला. दोन बॅचच्या मधल्या वेळात त्याने तो मोबाइलवर वाचला. विषय होता, आपण जेवतो ती जागा, छतावरून पाहिल्यासारखी, आठवणीतून. खाली प्रश्न होते. उत्तरं नव्हती. त्याने शेवटपर्यंत सरकवून पाहिलं.

पेपर हातात असताना पोरांना तसंच कोरं बसवायचं, हे त्याच्याने झालं नाही. या शहरात इतकी वर्षं त्याने एकच काम केलं होतं. प्रश्न समोर यायच्या आधी मुलाच्या हातात उत्तर ठेवायचं. भूकंप झाला तेव्हा तो सहावीत होता. पुढे गाव सुटलं, तो लातूरला आला, सगळ्यांनी लावले तसे क्लास लावले, मेडिकल थोडक्यात हुकलं, आणि ज्या क्लासमध्ये शिकला तिथेच फिजिक्स शिकवायला लागला, मग स्वतःचा क्लास काढला. थोडक्यात हुकणं काय असतं ते त्याला माहीत होतं. बहिणीचं तसं होऊ नये. जीवशास्त्राच्या कदम सरांचा हात चांगला होता. त्यांच्याकडून त्याने फळ्यावर एक नमुना काढून घेतला. डाउट सॉल्व्हिंगच्या तासाला मुलांनी तो पाठ होईपर्यंत गिरवला.

“ताईंना सांगू या ना,” आरती म्हणाली होती.

“नंतर सांगू. आधी सांगितलं तर टेन्शन घेईल.”

अप्पांच्या वेळी त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं. डॉक्टर सांगायचे आणि तो मान हलवायचा. इथे काहीतरी हातात होतं.

“टेन्शन नको घेऊ,” सिंधू जिना चढायला लागली तेव्हा तो म्हणाला. “शंभर टक्के होणार.”

“शंभर टक्के काय होणार, दादा? तो पाठ आहे.”

“तेच म्हणतोय.”

आज घरात सगळे तेच म्हणत होते. सिंधू वर गेली.

परीक्षक शबाना मॅडम पडद्यावर आल्या आणि लगेच थिजल्या, एक डोळा अर्धा मिटलेला. सिंधूने एका मोबाइलचं नेट बंद करून दुसऱ्याचं जोडलं. मग मॅडमचा आवाज आला, चेहरा नाही. मग चेहरा, आवाज नाही. खालून काकांनी विचारलं, “लागलं का?” मुलं हू की चू न करता बसली होती. इतकी शांत मुलं सिंधूने शाळेत कधी पाहिली नव्हती. तेव्हाच तिच्या मनात काहीतरी यायला हवं होतं.

“सुरू करा,” शबाना मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हातात पेन घेतलं.

सिंधूने मुलांना डोळे मिटायला सांगितलं. काल तुम्ही कुठे जेवलात? बसून की उभं राहून? उजव्या हाताला काय होतं? समोर कोण होतं, का कुणीच नव्हतं? तिथे छतावर एक पाल आहे असं समजा. पाल खाली बघतेय. तिला काय काय दिसेल? घाई नाही. दिसलं की डोळे उघडा आणि काढायला लागा.

मुलांनी एकदम डोळे उघडले. सगळ्यांनी, एकाच क्षणी. माना खाली गेल्या आणि पेन्सिली चालू झाल्या. कुणी पेन्सिल चावली नाही, कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकावलं नाही, कुणी खोडरबर मागितलं नाही. सिंधू पहिल्या रांगेतून चालत गेली.

पहिल्या कागदावर एक लांब टेबल होतं. भोवती चार खुर्च्या, खुर्च्यांवर माणसांची गोल डोकी. टेबलावर चार गोल ताटं आणि मधोमध फुलदाणी, फुलदाणीतली फुलं डावीकडे झुकलेली. दुसऱ्या कागदावर टेबल, चार खुर्च्या, फुलदाणी. तिसऱ्या कागदावरचं फूल उजवीकडे गेलं होतं. मुलगा ते घाईघाईने पुसून डावीकडे घेत होता. दुसऱ्या रांगेत एक मुलगी पट्टीने बाण काढत होती. बाणाच्या टोकाशी सुबक अक्षरात ‘फुलदाणी’. दुसऱ्या बाणाशी ‘आई’. तिसऱ्याशी ‘वडील’. कागदाच्या तळाशी ‘आकृती १’, आणि तिला चौकट.

सिंधूला आधी हसू आलं. मग तिला मागच्या रांगेतलीही फुलदाणी दिसली.

“सिंधू, चित्रं दाखवता का?” शबाना मॅडम म्हणाल्या. “एखादं जवळून.”

एखादं. एखादं दाखवलं असतं तर चाललं असतं. एकेकटं पाहिलं तर चित्र वाईट नव्हतं, उलट चौदा वर्षांच्या मुलाच्या मानाने वरून पाहिलेलं टेबल चांगलंच जमलं होतं. दाराशी आरती उभी होती. तिने डोळ्यांनीच सांगितलं, दाखवा, दाखवा एक.

सिंधूने पहिल्या रांगेतले सगळे कागद उचलले आणि एकामागून एक कॅमेऱ्यासमोर धरले.

मॅडम पडद्यावर पुन्हा थिजल्या. नेट गेलं की काय असं वाटलं. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“हे आधी करून घेतलंय.”

“हो, मॅडम.”

“तुम्ही?”

“मी नाही. पण आराखडा माझ्याकडूनच गेला होता.”

“तयार करून घेतलेला पाठ ग्राह्य धरत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

जिन्यावर पावलं वाजली. नीलम्मा गुडघ्यावर हात देत वर आली, मागून विरूपाक्ष. स्वामी खाली येऊन बसले होते. त्यांचे पाय धुवायला तांब्या-परात मांडून झाली होती, आणि पाणी घालायला घरची लेक हवी होती.

“चल आता,” नीलम्मा म्हणाली. “तुजं झालं आसंल तर झालं म्हन, न झालं आसंल तर न्हाई म्हन. स्वामी पाय म्होरं करून बसलेत.”

“अव्वा, एक मिनिट.”

“सकाळधरनं तुजं एक मिनिट चालूच हाय.”

विरूपाक्षने सिंधूच्या हातातले कागद पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. “आलं ना सगळ्यांना? मी म्हटलं नव्हतं?”

“दादा, हे तू केलंस?”

“मी नाही, कदम सरांनी. म्हणजे मी सांगितलं. अगं, तुझ्या प्लॅनमध्ये प्रश्न होते, उत्तरच नव्हतं. मग आम्ही एक नमुना तयार केला.”

“त्याला उत्तर नसतं, दादा.”

“उत्तर नसलेला प्रश्न परीक्षेत कोण विचारतं?”

“मी विचारते. त्याचाच पाठ होता. तेवढंच होतं त्यात.”

“मग तसं लिहायचं ना वर. ‘याला उत्तर नाही.’ आमच्याकडे चार पर्यायांत तोही एक असतो.”

“माइक चालू आहे,” शबाना मॅडम पडद्यावरून म्हणाल्या.

मुलं एकदा सरांकडे, एकदा पडद्याकडे बघत होती. नीलम्माला पडद्यावरची बाई आता दिसली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नमस्कार केला. मॅडमनीही केला.

कुणाला बोलावायला येऊन मधेच अडकलेल्या माणसासारखी नीलम्मा तिथे उभी होती. करायला काही नाही म्हणून तिने जवळच्या मुलीचा कागद हातात घेतला. चित्र बघायची तिला सवय नव्हती. घरात चाळीस वर्षं चित्रकलेचा मास्तर होता आणि तिने त्याच्या रंगांच्या वाट्या विसळल्या होत्या, पण त्याने काय काढलं ते बघायला थांबायची सवड तिला नव्हती. हे टेबल तिला कळलं. ताटंही कळली.

“हे तुजं घर?”

“नाही, आजी.”

“मंग कुनाचं?”

मुलीने विरूपाक्षकडे पाहिलं. “सरांचं असेल.”

“सराच्या घरी टेबल न्हाई. आमी खाली बसतो.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. विरूपाक्षने तिकडे पाहिलं नाही. नीलम्मा मात्र कागद धरूनच उभी होती. तिला अक्षरं सावकाश लागायची. आई. मुलगा. मुलगी. चौथ्या खुर्चीवर कदम सरांनी कुणाला बसवलंच नव्हतं, की मुलीला तेवढं काढायला वेळ मिळाला नव्हता, कोण जाणे. खुर्ची रिकामी होती आणि पट्टीने ओढलेला बाण सरळ तिच्याकडे गेला होता. वडील.

नीलम्माने कागद पालथा करून मुलीच्या पॅडवर ठेवला.

“किती वेळ हाय?” तिने पडद्याकडे बघून विचारलं. लेकीला नाही, त्या बाईला.

“निम्म्याच्या आसपास, आजी,” शबाना मॅडम म्हणाल्या. मग त्या सिंधूशी बोलल्या. “झालं त्याला मी गुण देऊ शकत नाही. उरलेल्या वेळात जे होईल तेवढंच बघेन. त्यावर पास होणं अवघड आहे. थांबायचं असेल तर आत्ता सांगा, मी तसं नोंदवते.”

खालून काकांची हाक आली. “आगं नीलम्मा, स्वामी वाट बघायलेत.”

नीलम्मा जिन्याच्या कठड्याशी गेली. “स्वामीला म्हनावं, जरा टेका. पान-सुपारी द्या. लेकीचं काम चाललंय.”

“कसलं काम?”

“तुमाला न्हाई कळायचं, भाऊजी. मला बी न्हाई कळत. टेका म्हनावं.”

ती परत येऊन दाराच्या चौकटीशी खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन. आरतीने तिला पाणी दिलं. सिंधू आईकडे बघत राहिली असती, पण तेवढा वेळ नव्हता.

“कागद उलटा करा,” पहिल्या रांगेचे कागद परत देत तिने मुलांना सांगितलं. “मागची बाजू कोरी आहे. तोच प्रश्न. सरांनी दाखवलेलं टेबल आता कुणी काढायचं नाही.”

मुलांनी कागद उलटे केले. मग कुणीच काही केलं नाही. पुढच्या रांगेतल्या मुलाने हात वर केला.

“मॅडम, निगेटिव्ह मार्किंग आहे का?”

“नाही.”

“मग चुकलं तर?”

“चुकत नाही यात.”

मुलाला हे उत्तर फसवं वाटलं. त्याने हात खाली घेतला आणि पेन्सिलही. कुणीतरी विचारलं, हे टेस्ट सिरीजला येणार का. कुणीतरी विचारलं, नावं द्यायची का आकृतीला. सिंधू नाही म्हणत गेली. मग प्रश्नही संपले. कोरे कागद पंख्याच्या वाऱ्याने फडफडत राहिले आणि मुलं उत्तर कुठूनतरी येईल अशी वाट बघत बसली.

दोन वर्षं तिने वाचलं होतं की अशा वेळी शिक्षकाने थांबावं. किती थांबावं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पडद्यावर मॅडम काहीतरी लिहीत होत्या. सिंधूच्या मनात आलं, ओरडावं. मुलांवर, दादावर, त्या कदम सरांवर, फुलदाणीवर. गेल्या मे महिन्यापासून ती कुणावर ओरडली नव्हती.

तिने जादा कागदांतला एक घेतला आणि विरूपाक्षसमोर धरला.

“तूही बस.”

“मला येत नाही.”

“मुलांनाही येत नाही. बस.”

“अगं, बॅचसमोर?”

“तू बिघडवलंस. बस आता.”

त्याने आरतीकडे पाहिलं. आरती त्याच्या बाजूने बोलेल असं त्याला वाटलं होतं. “बसा,” ती म्हणाली. “मी तेव्हाच म्हणत होते, ताईंना सांगू या.”

विरूपाक्ष दुसऱ्या रांगेत मुलांच्या शेजारी मांडी घालून बसला. पँटला मांडीची सवय नव्हती. शेजारच्या मुलीने त्याला आपली जादा पेन्सिल दिली आणि पॅड पुढे सरकवलं. काल कुठे जेवलास. कालचं त्याला लगेच आठवलं: केबिनमध्ये, उभ्याने, डब्याच्या झाकणात, एका हातात फोन. परवाही तेच. पालीला काय दिसलं असतं? टक्कल आणि फोन. हे काढता येईना. त्याने एक रेघ मारली आणि खोडली. पुन्हा मारली, पुन्हा खोडली. खोडरबराचा आवाज शांततेत मोठा वाटला. कपाळावर घाम आला. वर्गात प्रश्न आला आणि सरांना उत्तर येत नाही, हे त्या मुलांनी या हॉलमध्ये कधी पाहिलेलं नव्हतं.

शेजारची मुलगी थोडा वेळ त्याच्या कागदाकडे बघत राहिली. मग आपल्या कागदाकडे वळली.

सुरुवात तिने केली, की मागच्या कुणीतरी, सिंधूला नंतरही सांगता आलं नसतं. तिला पेन्सिलींचे आवाज ऐकू आले, एकसारखे नव्हेत, सुटे सुटे. सिंधू पुन्हा रांगांतून फिरायला लागली. त्या मुलीने मेसमधली रांग काढली होती, वरून. ताटं नव्हतीच, नुसते भांग आणि वेण्या, एकीच्या मागे एक, आणि रांगेच्या टोकाला एक मोठी डाव. दुसऱ्याने कॉट काढली होती, कॉटवर उघडं पुस्तक, पुस्तकावर ताट. एकाने फक्त नळ काढला होता. “जेवायची जागा?” तिने हळूच विचारलं. “आधी हात धुवायला नंबर लागतो,” तो म्हणाला. “तिथंच भूक लागते.” त्याने मान वर केली नाही.

ती कागद कॅमेऱ्याला दाखवायचे विसरली होती. शबाना मॅडमनीही मागितले नाहीत. त्या चष्मा काढून पडद्याच्या जवळ आल्या होत्या.

विरूपाक्षच्या कागदावर आता एक आडवा चौकोन होता.

“हे काय?”

“शेड,” तो म्हणाला.

भूकंपात घर गेलं त्यानंतर गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते चौघं राहिले होते, नवीन गाव होईपर्यंत. एका शेडला एक दार, खिडकी नाही. घरात कुणी त्याचं बोलत नसे. बोलण्यासारखं काही झालंच नाही असं सगळे वागत. विरूपाक्षने चूल काढली होती, चुलीशी एक गोळा. “ही अव्वा.” दोन छोटे गोळे, समोर ताटं. “हा मी, ही तू.”

सिंधू त्याच्याजवळ खाली बसली.

“अप्पा कुठं बसायचे गं?” तो म्हणाला. “मला आठवेना.”

“चुलीच्या या अंगाला.”

“तिथं ट्रंक होती.”

“मग ट्रंकेवर.”

“ट्रंकेवर पाण्याची घागर असायची.”

“दाराजवळ मग.”

“दाराजवळ जागाच नव्हती, सिंधू. दार आत उघडायचं.”

दोघं एकमेकांवर चिडल्यासारखी त्या चौकोनाकडे बघत होती. एवढीशी खोली आणि तिच्यात एक माणूस बसवता येत नव्हता.

“ते बसायचेच न्हाईत,” नीलम्मा दारातून म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. तिने उठायचा प्रयत्न केला नाही.

“सकाळचं ऊन सरळ दारातनं ताटात यायचं. पत्रा बी तापायचा. तुमी डोळे बारीक करून जेवायचा, आन् ही तर रडायचीच. मंग ते दारात हुबं ऱ्हायचे. तुमचं हुईस्तवर. पाठ भाजून निघायची. मागनं जेवायचे, काय ऱ्हायलं आसंल ते.”

“मला वाटायचं ते शाळेला जायला बस बघत उभे आहेत,” विरूपाक्ष म्हणाला.

“मलाही,” सिंधू म्हणाली.

“बस हुती की धा वाजता,” नीलम्मा म्हणाली. “ती काय आदीपास्नं बघायची आसती?”

खाली स्वामींचा खाकरण्याचा आवाज आला आणि काकांनी त्यांना देवणीच्या बाजाराचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, मोठ्याने, वेळ निभावून नेण्यासाठी.

“सिंधू,” शबाना मॅडम म्हणाल्या. “वेळ संपला.”

ती उठली. पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. काय ऐकायचंय ते तिला माहीत होतं, आणि ऐकायची तयारी नव्हती.

“गुण किती ते मला बसून ठरवावं लागेल. जास्त नसतील,” मॅडम म्हणाल्या. “पण पाठ झाला. तसं मी लिहितेय.” मग त्या थांबल्या. “मुलांना उठवू नका. होऊ दे त्यांचं.”

सिंधूने मान हलवली. आभार मानायचे राहून गेले.

मागे विरूपाक्षने दाराच्या जागी एक लहानसा गोल काढला होता, दोन्ही बाजूंना खांदे. तो त्याच्याकडे बघत बसला होता.

“वरून पाहिलं तर सावली कशी दिसते?” त्याने विचारलं.

“काढून बघ,” सिंधू म्हणाली.

त्याने पेन्सिल आडवी धरली आणि दारातून आत, हळूहळू, दोन्ही ताटांवर अंधार भरत नेला.